स्कॅन नॉर्मल, तरी रविवारी शर्यत नाही

"मावशी, सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, मग रविवारी उतरू ना?" भाचा नेरुळला सोफ्यावर लोळत विचारतोय. डर्ट ट्रॅकवर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, बाइकवरून डोक्यावर आपटलेला पोरगा! अरे, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, बहुतेकदा दिसतच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. त्याला महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... ऑगस्टनंतर थेट जून. पायाच्या बोटांना टाच लावत एका रेषेत चालताना भिंत धरली. आणि म्हणे 'फिट आहे'!

फेब्रुवारी २०१५ मध्ये बार्सिलोनात गाडीच्या चाचणीत आपटल्यावर फॉर्म्युला वनच्या अलोन्सोलासुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्यावरून ऑस्ट्रेलियाची शर्यत सोडावी लागली होती. याचंही तेच: आधी चालणं, मग हलका व्यायाम, त्रास झाला नाही तर पुढची पायरी, आणि बाइक डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच. आपटलेलं हेल्मेट भंगारात. किल्ली ताईकडे. पोरगा फुगलाय, फुगू दे.