शेपूट आधी, भुंकणं नंतर

काकूंचा फोन आला तो कुत्रा शिकवण्यासाठी नाही, देऊन टाकण्यासाठी. “लॅब्रॅडॉर आहे, दोन वर्षांचा. कुणाचं फार्महाउस वगैरे असेल तर बघ. पोरांच्या अंगावर जायला लागलाय गं. उद्या काही झालं तर या वयात आम्ही काय निस्तरणार?”

असे फोन मला येतात. द्यायच्या आधी एकदा बघू द्या, एवढंच मी म्हणते. आणि एक अट घालते. रोज ज्या वेळी बाहेर नेता त्याच वेळी मी येणार, आणि माझ्यासाठी काहीही बदलायचं नाही. दुपारी चारला दिवाणखान्यात बसलेला कुत्रा बघून मला काहीच कळत नाही. तिथे सगळेच गुणी असतात.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जयेंद्रगंजच्या बाजूला त्यांचा जुना वाडा. मधला चौक अजून शाबूत आहे, बाकी अर्धा भाड्याने दिलेला. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. कुत्र्याचं नाव त्यांनी ठेवलं खंड्या, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्यावरून. त्या खंड्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात, त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. “आमच्या खंड्यासमोर वाघ आला असता तर यानं त्याचं तोंड चाटलं असतं,” काका म्हणाले, आणि मग जरा थांबून, “म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत तरी.”

हकीगत अशी. खंड्याला फिरवायचे काका. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोरी काकूंच्या हातात आली. खंड्या चौतीस किलोचा, काकू पन्नासच्या आत. डिसेंबरात एका मांजरामागे त्याने झेप घेतली, काकू पडल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तोवर बंगळुरूच्या पुतण्याने ऑनलाइन एक पट्टा मागवून पाठवला होता. स्टीलच्या कड्या, प्रत्येक कडीला आत वळलेली दोन टोकं. आमच्या धंद्यात याला सगळे काँटेवाला पट्टाच म्हणतात. “पहिल्या दिवशी चमत्कार वाटला मला,” काकू म्हणाल्या. “मुळीच ओढेना. मी त्याला उठवून थँक्यू म्हटलं.” पुतण्याला, अर्थात. मग दोन-तीन आठवड्यांत हे सुरू झालं. शाळेची मुलं दिसली की भुंकायचं, दात दाखवायचे. तीच मुलं, जी त्याला डब्यातली पोळी द्यायची.

सकाळी सातच्या सुमारास आम्ही निघालो. काकू पुढे, मी दहा-बारा पावलं मागे, मोबाइलवर व्हिडिओ चालू. थंडी ओसरत आली होती, पण काकूंनी कानाला मफलर गुंडाळलेला. खंड्या दरवाजातून बाहेर आला तेव्हाच मला पट्टा खटकला. तो गळ्याच्या पार खाली, जवळजवळ खांद्यांपर्यंत लोंबत होता. हा पट्टा वापरायचाच असेल तर कानांच्या मागे, वर, अंगाबरोबर बसवावा लागतो, आणि त्यासाठी मोजून कड्या काढाव्या लागतात. सैल राहिला तर तो घसरतो. दोरी ताणली की आधी नुसताच सरकतो आणि मग सगळी टोकं एकदम आत जातात. कुत्र्याला आगाऊ सूचना काहीच मिळत नाही.

गल्लीत तो गुमान चालला. इतका गुमान की मला ते आवडलं नाही. दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर सकाळी सातला एकाही खांबाचा वास घेत नाही म्हणजे काय? अचलेश्वर महादेवाच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी स्कूलव्हॅन थांबते. चार-पाच मुलं उभी होती. त्यातल्या एका मुलीने हात वर करून हाक मारली, “खंड्याऽ!” शेजारच्या मोठ्या पोराने तिचा हात खाली ओढला, “चुप कर, काट लेगा।”

पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. खंड्या भुंकला, मागच्या पायांवर उसळला, काकूंनी दोन्ही हातांनी दोरी धरली, मुलं भिंतीला लागली, रस्त्यापलीकडची दोन गावठी कुत्रीही सुरात सूर मिसळायला लागली. व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. काकू घामाघूम. “बघितलंस ना?” त्या म्हणाल्या.

बघितलं होतं. पण खात्रीसाठी वाड्यात परत येऊन तो व्हिडिओ मी काका-काकूंना अगदी सावकाश चालवून दाखवला. मुलीने हाक मारली तेव्हा खंड्याचे कान सैल मागे गेले, शेपूट रुंद, पार कमरेपासून हलली, तोंड उघडं. हा कुत्रा खूश आहे, हे कुणालाही दिसेल. तसाच तो दोन पावलं पुढे झाला. दोरी ताणली. मान खाली गेली, एक बारीक विव्हळणं, जे रस्त्यावर आम्हा कुणालाच ऐकू आलं नव्हतं. आणि त्यानंतर अंग ताठ, शेपूट ताठ, भुंकणं. शेपूट आधी, भुंकणं नंतर. काकूंनी आजवर फक्त भुंकणं पाहिलं होतं, कारण पहिली दोन पावलं त्यांची नजर स्वतःच्या मनगटावर असायची. तीही साहजिकच.

काकांनी तो तुकडा तीनदा मागे घेऊन पाहिला. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही सनावळीच चुकीची लावली.”

पट्ट्याने खंड्याला ‘ओढू नकोस’ हे शिकवायचं होतं. तो शिकला ते वेगळंच: मुलं दिसली की गळ्यात टोचतं. कुत्रा दुखण्याची सांगड आपल्या मनातल्या नियमाशी घालत नाही, त्या क्षणी जे समोर दिसतं त्याच्याशी घालतो. समोर मूल असेल तर मूल, सायकल असेल तर सायकल. रोज सकाळी, त्याच नाक्यावर, त्याच हाकेनंतर. याहून नियमित शिकवणी काय असते? आणि भुंकल्यावर व्हॅन निघून जाते, मुलं दिसेनाशी होतात, म्हणजे भुंकण्याचा उपयोगही होतो, हेही तो शिकला.

मी पट्टा काढायला घेतला. कड्या दाबून सोडवाव्या लागतात, माझ्याही बोटांना जोर लागला. खालचे केस बाजूला केले तर मानेच्या दोन्ही अंगांना खपल्यांची रांग. एकीखाली पू होता. “हा रात्री कोण काढतं?” मी विचारलं. दोघंही गप्प. मग काकू म्हणाल्या, “मनगटात जोर राहिला नाही गं. यांना वाकता येत नाही. राहू दे म्हटलं गळ्यात. टोचू नये म्हणून सैल ठेवला होता मी मुद्दाम.” डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. दया म्हणून सैल ठेवलेला पट्टा जास्त टोचत होता, हे त्यांना तिथेच सांगावं की नाही, क्षणभर कळेना. सांगितलं. नाहीतर दुसऱ्या कुणाला त्यांनी तोच सल्ला दिला असता.

एवढ्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल. मुलगा चांगला आहे, काकूंची काळजी आहे त्याला, पण इंटरनेटवर बरंच पाहून बसलेला. “तो स्वतःला अल्फा समजतो, ताई. आपण अल्फा व्हायला हवं. या पट्ट्याने होत नसेल तर मी रिमोटवाला पाठवतो.” रिमोटवाला म्हणजे विजेचा झटका देणारा. वेल्समध्ये त्यावर 2010 पासून बंदी आहे, हे मी त्याला सांगितलं. अल्फाचं, म्हणजे कळपाच्या म्होरक्याचंही सांगितलं. ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी ते 1947 मध्ये मांडलं होतं. तीच कल्पना पुढे लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्वतः लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, बस. “तुझा खंड्या गादीसाठी लढत नाहीये,” मागून काका म्हणाले. “त्याला पोळी हवी होती.”

मग काकांनी माझीच परीक्षा घेतली. “पण टेकनपूरला तर साखळीनेच शिकवत असतील ना? तिथले कुत्रे ओढतात का?” ग्वाल्हेरात हा प्रश्न येणारच. झाशी रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत 1970 पासून श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शहरातल्या प्रत्येक कुत्रेवाल्याचा एक तरी ओळखीचा तिथला निघतो. मला शिकवलं तेही दलातून निवृत्त झालेले एक हँडलर. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांच्या झोळीत चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी असायची, आणि ती कशी घालायची यावर त्यांनी माझी पहिली सकाळ घालवली होती. कुत्रा आपल्या डाव्या हाताला चालणार असेल तर त्याच्या समोर उभं राहून साखळी धरायची, तिचा आकार इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखा दिसला पाहिजे. उलटी घातली तर ती आवळते पण सुटत नाही. बाजारात मला दिसणाऱ्या निम्म्याअधिक साखळ्या उलट्या असतात. उस्ताद म्हणायचे, “झटका आधा सेकंड, फिर ढीली। ढीली नहीं हुई तो सिखा नहीं रहे हो, फाँसी दे रहे हो।” त्या अर्ध्या सेकंदासाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं. तेच हत्यार चार-पाचशे रुपयांत कुरियरने घरी येतं, सोबत एक कागद, तोही चिनी भाषेत. मी स्वतः ते वापरत नाही, पण उस्तादांना नावं ठेवणाऱ्यांतलीही मी नाही. काकूंच्या मनगटाला तो अर्धा सेकंद साधणं शक्य नव्हतं, माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

कुत्रा ओढतो याचं कारण फार साधं आहे. त्याची सहज चाल आपल्यापेक्षा वेगाची, आणि ओढलं की तो पोचतो. झाडापर्यंत ओढलं, झाड मिळालं. शिवाय मागून ताण आला की तो उलट पुढे रेलतो. म्हणूनच हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, तोही पाठीवर कडी असलेला साधा घेऊन लोक फसतात. बर्फावर स्लेज ओढणारी कुत्रीही गळ्यातल्या पट्ट्याने ओढत नाहीत, अंगातल्या हार्नेसनेच ओढतात, कारण त्यात पूर्ण ताकदीने ओढता येतं. मी पिशवीतून काढला तो छातीवर पुढे कडी असलेला. कुत्रा जोरात पुढे गेला की दोरी त्याला बाजूला वळवते, तोंड आपल्याकडे येतं. दुखत काही नाही, नुसतं गणित फसतं त्याचं. तोंडावरून जाणारा हॉल्टरही असतो, तोही ताकद कमी करतो, पण बऱ्याच कुत्र्यांना तो अजिबात सोसत नाही, आणि खंड्याच्या मानेला आधीच पुरे झालं होतं.

चौकातच सुरुवात केली. काकूंच्या हातात पनीरचे बारीक तुकडे, खंड्या त्यांच्या मांडीच्या रेषेत आला की एक. दोरी ताणली की काकू थांबणार, ओढणार नाहीत, बोलणार नाहीत. सैल झाली की पुन्हा चालणार. तुळशीवृंदावनाभोवती पहिल्या फेरीला पाच मिनिटं लागली. काकांनी खुर्चीवरून, “हे असं अचलेश्वरला पोचायला महाशिवरात्र उजाडेल,” म्हटलं, तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे जे पाहिलं त्यावरून वाड्यात अल्फा कोण ते मला कळलं. हळूहळू खंड्या मान वळवून वर बघायला लागला. काकूंनी उजवा हात सोडून एका डाव्या हाताने दोरी धरली, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मुलांचं काम लांबणीचं होतं, ते त्या दिवशी व्हायचं नव्हतं. तूर्त सकाळची फेरी व्हॅन गेल्यानंतर. जखम भरेपर्यंत गळ्यात काहीच नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी जखम साफ केली, औषध दिलं, आणि डोळेही तपासले. काकांना त्याचं नवल वाटलं. पण गळ्यातल्या पट्ट्यावर जोर दिला की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसने वाढत नाही, हे 2006 च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलेलं आहे. ज्याला काचबिंदूचा त्रास आहे त्या कुत्र्याला ते महागात पडू शकतं. खंड्याचे डोळे ठीक निघाले.

नंतरच्या आठवड्यांत आम्ही रस्त्याच्या पलीकडे, बऱ्याच लांब उभे राहायचो. मुलं दिसली की पनीर, मुलं गेली की पनीर बंद. खंड्या भुंकला तर आपण जास्त जवळ आलो, एवढाच त्याचा अर्थ, आणि चार पावलं मागे. हाक मारणारी ती मुलगी आमची सगळ्यात कामाची माणूस निघाली. तिला सांगितलं होतं की हाक मारायची नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, नुसतं सरळ चालत जायचं. ती नाकाच्या रेषेत बघत अशी काही जायची की मलाच हसू यायचं. मोठ्या पोराला पटायला वेळ लागला. त्याचं चूक नव्हतं, दात त्याने पाहिले होते.

काटेरी पट्टा परत करायची मुदत टळून गेली होती. पुतण्याने तो कुणाला तरी विकून टाका म्हणून सुचवलं. काकांनी कड्या सुट्या करून भंगारवाल्याला दिल्या, त्याने त्याचे पैसेही दिले नाहीत.

खंड्या अजून त्याच वाड्यात आहे. मुलांजवळून तो आता शेपूट हलवत जातो, सायकलवरच्या दूधवाल्याचं काम अजून चालू आहे. बेडई-जलेबीच्या दुकानासमोर मात्र तो हार्नेससकट ओढतो, आणि काकू म्हणतात तिथे त्यांनाही थांबायचंच असतं.