वरून सगळेच जोड साजरे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं प्राचार्यांचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभी राहिली ती थेट वेल्डिंगची शेड. संस्थेबद्दल इतर लिहितीलच. मी सरांबद्दल लिहिणार. कोणते सर, हे वेल्डर ट्रेडच्या कुठल्याही बॅचला सांगावं लागणार नाही.

जॉब, म्हणजे वेल्ड केलेला तुकडा, नेला की सर आधी मापाचं गेज लावायचे, मग कडेने नख फिरवून अंडरकट, म्हणजे जोडाच्या काठाला पडलेली खाच, चाचपायचे. पण तेवढ्यावर मार्क कधी मिळाले नाहीत. ‘वरून सगळेच जोड साजरे. तोडा!’ एका बाजूने वेल्ड केलेला टी-जॉइंट व्हाइसमध्ये धरून घणाने पाडायचा, म्हणजे रूट, जोडाचा तळ, उघडं पडे. अडकलेला स्लॅग (वेल्डिंगचा मळ), ब्लोहोल (वायूची पोकळी), कोपऱ्यापर्यंत न पोचलेला धातू, काही लपत नसे. बट जॉइंटच्या, म्हणजे कडेला कड लावून केलेल्या जोडाच्या, पट्ट्या कापून एक फेसकडून (वरच्या बाजूने), एक रूटकडून १८० अंशात वाकवायच्या. ताणलेल्या बाजूला ३ मिमीपेक्षा मोठी चीर उघडली की जॉब नापास. सर स्टीलची पट्टी लावून मोजत.

वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीचं काम आमच्या बॅचकडे होतं. गळतंय का ते पाणी भरून बघू, असं सगळ्यांचं मत. सर म्हणाले, पाण्याचा पृष्ठताण जास्त, बारीक छिद्रात ते अडून राहतं. रॉकेल मात्र झिरपतं. बाहेरून सगळ्या सांध्यांना चुना लावला, वाळू दिला आणि आतून रॉकेलचा बोळा फिरवला. रॉकेल आणलं होतं सरांनी, स्वतःच्या रेशनकार्डावरचं. शेवटची एसटी निघून गेली तरी कोणी हललं नाही. बऱ्याच वेळाने तळाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या चुन्यावर मोहरीएवढा ओला डाग उमटला आणि बघता बघता पसरला. एकाने लगेच वेल्डिंगचा होल्डर उचलला, तर सरांनी तो हातातून काढून घेतला. रॉकेल लागलेल्या टाकीला ठिणगी दाखवायची नाही! दुसऱ्या दिवशी सोड्याच्या पाण्याने टाकी धुवून, कोरडी करून, तेवढा भाग ग्राइंड करून पुन्हा वेल्ड केला. परत चुना, परत रॉकेल. त्या महिन्यात सरांच्या घरी स्टोव्ह कशावर पेटला असेल, हे अजून मनात येतं.

आज मी प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या, कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टमध्ये लाल पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरणारा रंग, मारतो, दहा मिनिटं थांबतो, पुसतो, वर पांढरा डेव्हलपर मारतो. पृष्ठभागावर फुटलेली चीर लाल रेघ होऊन वर येते. रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी जोडाच्या आतला फोटो, बहुतेक रात्री, शॉप रिकामं करून, दोरी बांधून. किरणं देणारा इरिडियम-१९२ चा सोर्स साधारण ७४ दिवसांत निम्म्यावर येतो, मग तशी एक्स्पोजरची वेळ वाढवायची. फिल्मवर मधोमध सरळ काळी रेघ दिसली की रूट भरलेलं नाही, हे मी लांबून ओळखतो, कारण तसं रूट सरांनी आम्हाला तोडून दाखवलेलं आहे. बाजूच्या भिंतीला न चिकटलेला तिरका थर मात्र फिल्मलाही चकवतो. तिथे अल्ट्रासॉनिकच, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणं, हवं. जाड, कडक पोलादात हायड्रोजनमुळे चीर मागाहून पडते, म्हणून अशा जोडांच्या तपासणीला ४८ तास हात लावायचा नाही. माल पाठवायची घाई असते, दबाव येतो. अशा वेळी सही रोखून धरायचं बळ मला त्या टाकीपाशी मिळालं.

कामाला नवी मुलं येतात त्यांना मी विचारतो, स्वतःचा जॉब कधी तोडून बघितलाय? बरेच जण नाही म्हणतात. हात छान बसलेला असतो, रनही, म्हणजे वेल्डची ओळही, देखणा असतो, पण आत काय आहे ते त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. याचं फार वाईट वाटतं.

म्हणून आपल्या शेडमध्ये हायड्रॉलिक बेंड टेस्टचं यंत्र आपण माजी विद्यार्थ्यांनी मिळून बसवावं, अशी माझी विनंती आहे. त्यावर सरांचं नाव असावं. माझा वाटा मी कार्यालयात जमा केला आहे. बाकीच्यांनी महोत्सवाच्या दिवशी शेडमध्येच भेटावं.