तुम्ही विचारलंत म्हणून: रियाज सलग की तुकड्यांत?

"सर, याला रोज दोन तास सलग बसवू, की तुकडे करून?" दादरच्या माझ्या तबल्याच्या क्लासबाहेर चपला घालता घालता आया विचारतात. त्यांना गाडी गाठायची असते, म्हणून मी "तुकडे करा" म्हणून मोकळा होतो. पण ते अर्धंच उत्तर.

वेळेचे तुकडे खुशाल करा. सकाळी २० मिनिटं, संध्याकाळी २०. मध्ये हात थोडं विसरतो, परत आठवावं लागतं, आणि त्या आठवण्यातच ते मुरतं. ब्रिटनमध्ये पोस्टमनना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी हेच तपासलं होतं (१९७८). रोज एकच तास बसणाऱ्यांना कळफलक सगळ्यांत कमी तासांत आला. रोज दोन-दोन तास दोनदा बसणाऱ्यांना सगळ्यांत जास्त तास लागले. गंमत म्हणजे कुरकुर होती ती एका तासवाल्यांचीच, कारण दिवस जास्त गेले. आयांची घालमेल मला तिथे कळते.

रचनेचे तुकडे मात्र जपून. 'धाधा तेटे धाधा तिना' हे बोल वाजवताना पोरं तेटेवर अडखळतात. तेवढंच घोटा, पण पुढच्या धासकट. अडतं ते बोलात कमी, सांध्यात जास्त. हे मला पंचविशीत चाळीच्या गणपतीत कळलं. तिहाई म्हणजे एकच तुकडा, त्याला पल्ला म्हणतात, तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. पल्ला चोख घोटला होता. तोच तीनदा वाजवायचा, त्यात काय! दोन पल्ल्यांमधला दम, म्हणजे थांबा, कधी मोजलाच नव्हता. तो एक मात्रा लांबला आणि समेवर पेटीवाला एकटाच पोचला. त्याने माझ्याकडे टाकलेला कटाक्ष अजून आठवतो.

आणि हात तर वेगळे करूच नका. उजव्या हाताचा तबल्यावरचा ना आणि डाव्याचा डग्ग्यावरचा घे एकदम पडले तर धा. दोन्ही सुटे कितीही घोटा, धा येत नाही. जड जातंय? लय उतरवा.

माझा एक विद्यार्थी, बँकेतला, विरारहून येतो. बसायला मिळालं की मांडीवर बॅग, बॅगेवर बोटं. बोरिवली ते अंधेरी तेटे-धा, मग मोबाइल, वांद्र्यापासून पुन्हा तेटे-धा. मोबाइलबद्दल मी त्याला काही बोलत नाही.