न्यूरेंबर्ग: ६०० नंबरच्या कोर्टात

साक्षीदारांची मराठी इंग्रजीत उतरवण्यात माझी सव्वीस वर्षं कोर्टात गेली. म्हणून मुलीकडे म्युनिकला उतरले त्याच दिवशी तिला सांगितलं, राजवाडे मग बघू, आधी न्यूरेंबर्गचं ६०० नंबरचं कोर्ट, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालला ते.

म्युनिकहून जाणार असाल तर बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, काढा. साध्या गाड्यांना दिवसभर चालतं आणि पाच जणांपर्यंत एकत्र निघतं. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आत चालत नाही. पावणेदोन तास लागतात. न्यूरेंबर्ग स्टेशनवरून यू-१ मेट्रो, फ्युर्थच्या दिशेची, आणि बेरेनशान्झेला उतरायचं. तिथून कोर्ट चालत पाच मिनिटांवर. कोर्टाच्या इमारतीतलं खटल्याचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. बाकीच्या दिवशीही कधी कार्यक्रमासाठी कोर्टरूम बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी वेबसाइट बघा.

खोली फोटोंवरून वाटते त्यापेक्षा लहान आहे. १९४५ मध्ये पत्रकार आणि प्रेक्षकांसाठी मागची भिंत पाडून जागा वाढवली होती, नंतर ती पुन्हा बांधली. भिंतींना गडद लाकूड, दाराला हिरवट संगमरवराची चौकट आणि वर ब्राँझमध्ये आदम आणि ईव्ह. खिडक्यांच्या बाजूला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चार विजेत्या देशांचे न्यायाधीश बसत, समोर आरोपींचा पिंजरा. पिंजऱ्यामागे लिफ्टचं दार. शेजारच्या तुरुंगातून आरोपी त्या लिफ्टने थेट वर येत. शहर बेचिराख झालेलं असताना खटला इथेच का चालवला, त्याचं एक कारण हेच: मोठी इमारत बऱ्यापैकी शाबूत होती आणि तुरुंग तिला लागून होता.

माझं लक्ष मात्र पिंजऱ्याला खेटून असलेल्या कोपऱ्याकडे होतं. तिथे बुटक्या काचांच्या आड दुभाषे बसत. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन या चार भाषांत, बोलणं चालू असतानाच भाषांतर. बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या होत्या. प्रत्येक खुर्चीपाशी हेडफोन आणि भाषा निवडायचं बटण. बोलणारा भरभर बोलू लागला की पिवळा दिवा लागे, दुभाषा अडकला की लाल, आणि मग अख्खं कोर्ट थांबे. आमच्याकडे साक्षीदार रडायला लागला की मी मान खाली घालून शब्द शोधत बसायची, कारण थांबा म्हणायची सोय नव्हती. त्या लाल दिव्याची माहिती वाचताना माझा गळा दाटून आला. त्या दुभाष्यांपैकी काही ज्यू होते, आपला देश सोडून पळालेले. त्यांना आरोपींतल्या गोअरिंगचं, हिटलरच्या उजव्या हाताचं, वाक्य ‘मी’ म्हणूनच बोलावं लागे.

खटला २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला आणि कामकाज २१८ दिवस चाललं. २८ जानेवारी १९४६ ला मारी-क्लोद वायाँ-कुत्युरिए साक्षीला उभी राहिली. फ्रान्समधून २३० बायकांना ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेलं, त्यातल्या ४९ परतल्या, त्यांतली ती एक. साक्ष संपल्यावर ती पिंजऱ्याजवळून गेली आणि आरोपींचे चेहरे जवळून बघून घेतले. १ ऑक्टोबरला शिक्षा ऐकायला आरोपी एकेक करून लिफ्टने आले. पहिला गोअरिंग, आणि नेमका त्याचा हेडफोन बंद पडला. दुरुस्त होईपर्यंत सगळे थांबले. त्याला त्याच्या भाषेत ऐकू आलंच पाहिजे, हा आग्रह मला फाशीपेक्षा मोठा वाटतो. बारा जणांना फाशी, सात जणांना कैद आणि तीन निर्दोष. ते तिघं सुटले म्हणूनच बाकीच्यांच्या शिक्षेला न्याय म्हणता येतं, असं माझं मत आहे.

प्रदर्शन वरच्या मजल्यावर आहे, ऑडिओ गाइड तिकिटातच मिळतो. पिंजऱ्यातला मूळ बाक तिथे ठेवलाय: साधा, लाकडी. माझा सल्ला, आधी दहा मिनिटं कोर्टरूममध्ये नुसतं बसा, मग वर जा आणि शेवटी पुन्हा खाली येऊन बसा. तीन तास हाताशी ठेवा.

बाहेरच्या शहराचे फोटो जरूर बघा. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळजवळ संपलं होतं. खटला चालू असताना लोक तळघरांत राहत होते. १९४६ च्या वसंतात जर्मनीच्या अमेरिकेच्या ताब्यातल्या भागातलं रेशन दिवसाला १,२७५ कॅलरींवर आलं होतं. उपाशी माणसांना कोर्टात काय चाललंय त्याची किती फिकीर असणार? त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

संध्याकाळी जर्मन राष्ट्रीय संग्रहालयाच्या गल्लीत जा, फुकट आहे. दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने १९९३ मध्ये तिथे पांढरे खांब उभे केले. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं एकेक कलम जर्मनमध्ये आणि आणखी एका भाषेत कोरलंय. मुलगी जर्मन वाचत होती, मी मराठीत म्हणत होते. दहाव्या कलमापाशी आले, स्वतंत्र आणि निःपक्ष न्यायासनापुढे उघड सुनावणीचा हक्क, तेव्हा अडले. ती म्हणाली, “आई, सावकाश, गाडीला वेळ आहे.”