तानपुरा घेऊन मिरजेला

मावशीचा तानपुरा आमच्या घरात कित्येक वर्षं गवसणी घालून कोपऱ्यात उभा होता. ती आता गात नाही, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही आणि खुर्चीवर बसून तानपुरा छेडणं तिला मान्य नाही. पण डिसेंबरात काय झालं कुणास ठाऊक, एक दिवस गवसणी काढून तिने तारा छेडल्या, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, याची जवारी गेलीय, मिरजेला नेऊन आण. मी म्हटलं अगं पुण्यातही करून देतात. त्यावर तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. मग जानेवारीत मिरजेच्या पीर मीरासाहेबांचा उरूस आहे, दर्ग्यात गाणं असतं, तेही ऐकून ये, हेही तिनेच ठरवून टाकलं.

तानपुरा घेऊन ट्रेनने जायचं म्हणजे झोपेत असलेलं लहान मूल घेऊन जाण्यासारखं आहे, फक्त हे मूल चार-साडेचार फूट लांब आणि कुठेही आपटलं तर भोपळा फुटणार. रिझर्व्हेशन होतं म्हणून बरं, बर्थवर त्याला आडवा केला आणि मी कडेला अंग चोरून बसले. "सतार का हो?" असं तिघांनी विचारलं. पहिल्या दोघांना समजावून सांगितलं, तिसऱ्याला हो म्हटलं.

मिरज जंक्शन एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एका ठिकाणी येणारं स्टेशन होतं. गाण्याच्या बाबतीतही हे गाव तसंच जंक्शन, असा माझा आपला समज. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवायचे, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि त्यांनी पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याच परंपरेतल्या परीक्षा देत देत मी मध्यमा प्रथमपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले, तो विषय घरी अजूनही काढायचा नसतो.

रिक्षावाल्याला नुसतं सतारमेकर गल्ली म्हटलं की पुरे. तिथल्या वाद्यं करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांची मागणी आटली तशी एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या काहींनी हात वाद्यांकडे वळवला. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय. दुकानात शिरलं की आधी वर बघायचं, आढ्याला भोपळेच भोपळे टांगलेले, हे भाजीचे नव्हेत, जाड सालीचे कडू भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भीमेच्या काठावरून येतात. खाली तुणीच्या लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास.

ज्या चाचांकडे गेले त्यांनी गवसणी उतरवली, भोपळ्यावर बोटाने दोनदा टकटक केली, तारा जिच्यावरून जातात ती घोडी तिरकी करून उजेडात धरली आणि मला म्हणाले, "बघा की ताई, खाचा पडल्यात." खरंच, वर्षानुवर्षं तारा घासून घोडीवर चार बारीक रेघा पडलेल्या. तानपुऱ्याची घोडी सपाट दिसते पण ती सपाट नसते, तिला अगदी हलका उतार असतो आणि तार त्या उतारावर जेमतेम घासत घासत थरथरते म्हणून तो भरलेला गुंजणारा आवाज येतो, तीच जवारी. खाच पडली की तार तिथे अडकून बसते आणि आवाज मुका होतो नाहीतर नुसता पत्र्यासारखा झणझणतो. चाचांनी तार सैल करून बाजूला सारली, बारीक कानस चार-पाच वेळा फिरवली, पॉलिश पेपर मारला, तार परत चढवली, छेडली, मान हलवली, परत उतरवली. एका तारेसाठी हे किती वेळा केलं मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणला आणि एकदम, म्हणजे कसं सांगू, खोलीत अजून कुणीतरी येऊन बसल्यासारखा आवाज झाला. "आता बोलाय लागला," चाचा म्हणाले. बाकीच्या तीन तारा उद्या, रात्रभर ताणून ठेवायला पाहिजे म्हणाले. मी तासभर तिथेच बसून राहिले, चहा झाला, मग दुसरा झाला.

रात्री दर्ग्यात. बाहेर उरसाची जत्रा, आकाशपाळणे, पिपाण्या, भडंगाचे ढीग, बांगड्यांची दुकानं, चालायला जागा नाही. आणि आत आवारात सतरंज्या टाकून लोक बसलेले, शाली गुंडाळून, पोरं मांडीवर झोपलेली. तिकीट नाही, पास नाही, पहिल्या रांगेत सोफे नाहीत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच आवारात दफन आहेत आणि दर उरसात त्यांच्या नावाने इथे संगीत सभा होते. खाँसाहेब कैरान्याचे, उत्तरेतले, पण मिरजेचेच होऊन राहिले. कर्नाटक संगीताचा त्यांना फार ओढा होता, तिकडच्या रचना त्यांनी शिकून रेकॉर्ड केल्या, त्या काळात उत्तरेकडचा गवई असं काही करत नसे. १९३७ मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना रात्री गाडीत छातीत दुखायला लागलं, सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले, आणि सांगतात की तिथे फलाटावरच तानपुरे लावायला सांगून दरबारी रागात प्रार्थना म्हणत म्हणत गेले. तिथून त्यांना मिरजेला आणलं.

मी पोचले तेव्हा एक तरुण मुलगी आभोगी राग गात होती. बाहेरच्या पाळण्याचा भोंगा मध्येच वाजायचा, नेमका समेच्या आधी, आणि ती हसून परत मुखडा पकडायची. मोठ्या हॉलमध्ये असं झालं असतं तर आयोजक धावले असते, इथे कुणी मागे वळूनही बघत नव्हतं. इथे बरेच कलाकार बिदागीसाठी येत नाहीत, "हजेरी लावायला" येतात, हाच शब्द सगळे वापरतात, आणि ऐकणाराही हजेरीच लावतो बहुतेक. माझ्या शेजारच्या आजी तर डोळे मिटून होत्या, मला वाटलं झोपल्या, पण तान चुकीच्या जागी संपली तेव्हा त्यांनीच पहिली चुकचुक केली.

दुसऱ्या बाजूला एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका बसले होते, खरे कानसेन. तबला बदलायच्या मध्यंतरात त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढली, तारखा तिथीप्रमाणे लिहिलेल्या. त्यांचं वर्षभराचं वेळापत्रक तुमच्यासाठी इथे देते, पुढचं प्लॅनिंग करायला उपयोगी पडेल. शारदीय नवरात्रात मिरजेच्याच अंबाबाई मंदिरातला संगीत महोत्सव. मग कोजागिरी झाली की पाच दिवसांनी, आश्विन वद्य पंचमीला, साताऱ्याजवळ औंधला, तिथे अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला उत्सव आहे, पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला. रहिमतपूरला उतरून एसटीने जायचं आणि दिवसा यमाईचा डोंगर आणि पंतप्रतिनिधींचं म्युझियम बघायचं, असं काकांचं ठरलेलं. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन, तेव्हा सांगलीत विष्णुदास भावे पदक देतात, तिथेही काका जातातच. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव, "पण तिथं तिकीट काढून बसावं लागतंय, आनि गर्दी लई." कोल्हापूरला देवल क्लबचे कार्यक्रम बारा महिने चालूच. केशवराव भोसले नाट्यगृहाचा विषय निघाला तेव्हा मात्र गप्प झाले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं त्या रात्री काका कोल्हापुरातच होते. डायरी मिटून खिशात टाकली. आणि उरूस? तो चंद्रावर चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून रिझर्व्हेशन करू नका, आधी मिरजेत कुणाला तरी फोन करून विचारा.

पहाटे चारच्या सुमाराला मी उठले, खरं तर पाय उठत नव्हते, मांडी घालून इतका वेळ बसायची सवय कुठे राहिलीय. काका तसेच बसून होते.

दुपारी चाचांकडून तानपुरा घेतला. त्यांनी गवसणी बांधताना बजावलं की घरी गेल्यावर दोन दिवस रोज वाजवा, कोपऱ्यात ठेवायचा असेल तर कशाला आणलात. स्टेशनवर आले तर गाडी तासभर लेट. मावशीचा फोन आला, आधी पैसे किती घेतले ते विचारलं, मग म्हणाली छेड, ऐकव. मी म्हटलं अगं फलाट आहे हा, लोक बघतायत. छेड म्हणते ना. मग बाकावर बसून गवसणीची नाडी सोडली, फोन भोपळ्याला टेकवला आणि चारही तारा छेडल्या, वर अनाउन्समेंट चालू, समोर वडापाववाला थांबून बघतोय. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही, मला वाटलं फोन कटला.

"खर्ज जरा उतरलाय," मावशी म्हणाली. "तारेचा मणी खाली सरकव."