हाताचं माप

बांगडी मिरवते मनगटावर, पण तिचं माप मनगटाचं नसतंच. ते असतं पंजाचं. अंगठा तळव्यात दुमडून बोटं जवळ घेतली की मुळाशी हात जेवढा रुंद भरतो, तेवढी वाट बांगडीला लागते. म्हणून काटकुळ्या मनगटाच्या बाईलासुद्धा कधी दोन-आठची बांगडी मागावी लागते. कासाराला हे हात हातात घेतल्याबरोबर कळतं. अंगठ्याखालचं हाड जरासं दाबून तो जो डबा काढतो, तो बरोबर मापाचाच. घरी रेशमी धाग्याच्या बांगड्या करायला लागल्यापासून मला या मंडळींबद्दल भलताच आदर वाटू लागलाय.

बरं, ते आकडेही दिसतात तसे नाहीत. दोन-चार म्हणजे २ इंच आणि वर इंचाच्या १६ भागांतले ४, म्हणजे सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच. आण्यांच्या काळातल्या आजीला सोळाचा हिशेब सांगावा लागत नाही. शाळेत दशांश शिकलेली नात मात्र दोन-दहाची बांगडी दोन-आठपेक्षा लहान समजून खुशाल घालायला जाते. आणि एका मापातून दुसऱ्यात फरक किती, तर जेमतेम ३ मिलिमीटर. रेशमी धागा पातळ बसतो, तो ही जागा फारशी खात नाही. पण लोकर गुंडाळली तर आतून एक माप सहज जातं, म्हणून लोकरीसाठी मूळ बांगडी एक नंबर मोठीच घ्यावी.

पुण्यात बोहरी आळीत शिरलं की या छंदाचं सगळं सामान एका फेरीत मिळतं. प्लास्टिकच्या साध्या बांगड्या, धाग्यांची रिळं, कुंदन, मण्यांची लेस. फेविकॉल घरात असतोच. जायचं ते एका रंगाच्या रिळासाठी आणि यायचं पिशवी भरून, हे ओघानं आलंच.

खरं काम मात्र बोटांचं. वीसेक पदर एकत्र घेऊन पट्टीसारखे सपाट धरायचे, बांगडीच्या आतल्या बाजूला फेविकॉलचा ठिपका देऊन टोक चिकटवायचं आणि गुंडाळत जायचं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या कडेवर किंचित चढला पाहिजे. मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. रेशमाची चमक पदर शेजारी-शेजारी सरळ पडण्यात असते. पीळ पडला की तेवढाच भाग मंद दिसतो, मग वर कितीही कुंदन चिकटवा. भांडी घासून खरखरीत झालेल्या बोटांना धागा अडकतो, म्हणून आधी हाताला क्रीम लावून ते नीट पुसून घ्यायचं. कुणी हातची बांगडी कौतुकानं दाखवली तर मी ती उलटी करून आतून बघते. बाहेरून सगळ्याच छान असतात. फेविकॉलचे ओघळ आणि सुटलेली टोकं आत दडलेली असतात. (ही सवय चारचौघांत वाईट दिसते, हे मला ठाऊक आहे.)

या बांगड्यांचं एकच मला खटकतं. त्या वाजत नाहीत. डझनभर घातल्या तरी नुसत्या एकमेकींवर घासतात. अधूनमधून काचेची एकेक घातली की जरा जीव येतो. पाण्याशीही त्यांचं वाकडं, म्हणजे लग्नात मिरवा आणि घरी येऊन डब्यात ठेवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना सामान विकत आणून द्यायची गरज नाही. अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीचा मधला सरळ भाग कापला की कडं तयार. ही बाटली साधारण साडेसहा सेंटीमीटर रुंद, म्हणजे जवळपास दोन-दहा. कापलेली कड मोठ्या माणसानं गरम इस्त्रीवर अलगद टेकवायची. ती आत वळते आणि बोचत नाही. पॅकिंगच्या चिकटपट्टीतला पुठ्ठा मात्र दिसायलाच मोहक. तो आतून ३ इंचांचा, हात खाली सोडला की थेट जमिनीवर.

मापाची ही कटकट आपल्याकडच्या आज्यांनी कधीच सोडवली होती. बाळाच्या मनगट्या बघा. काळे मणी, मधूनमधून एखादा पांढरा नाहीतर सोन्याचा, आणि साधा दोरा. बाळाची मूठ झाकलेली, ती उघडून त्यातून काही सरकवणं म्हणजे रडारडच. म्हणून मनगटी बांधायची, चढवायची नाही. शिवाय दोऱ्याची टोकं मुद्दाम लांब ठेवायची, बाळ बाळसं धरेल तशी गाठ पुढे सरकते. सरकगाठीचं ब्रेसलेट तरी दुसरं काय असतं? बांगडीपेक्षा ब्रेसलेट करायला सोपं वाटतं ते यामुळेच. गाठ किंवा इलॅस्टिक सगळं सांभाळून घेतं. बांगडी काही सांभाळून घेत नाही.

त्यामुळे नातेवाइकांची फर्माईश आली की मी पहिल्यांदा माप विचारते. उत्तर ठरलेलं, ‘‘अगं, नॉर्मल साइज.’’ मग सांगावं लागतं, ताई, हाताला नीट बसणारी एखादी बांगडी पट्टीवर ठेवा, बरोबर मधोमध, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. पावणेसहा सेंटीमीटरच्या आसपास आलं तर दोन-चार, सहा आलं तर दोन-सहा. परवा मामेबहिणीला हे सगळं फोनवर समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘पट्टी चिन्मयच्या दप्तरात आहे. तो शाळेतून आला की कळवते. तोवर तू रंग तरी ठरव.’’