नवतपा आणि तुंबलेली पुस्तकं

मे संपत आला की नागपुरात भर दुपारी बर्डीच्या बाजारात जायची कोणाची हिंमत होत नाही. कूलरची टाकी भरायची अन् आडवं व्हायचं. किंडलमध्ये, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रात, तुंबलेलं वाचून काढायला याहून बरा मोसम नाही. फक्त किंडल कूलरच्या थेट तोंडासमोर धरू नये, खसवरचे तुषार पडद्यावर येतात. स्कूटरच्या डिक्कीत तर मुळीच विसरू नये. त्याला 35 अंशांपर्यंतच मानवतं अन् आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा 45 च्या आसपास असतो. अशा उन्हात बॅटरी अकाली म्हातारी होते.

सुट्या कादंबऱ्यांचं काही नाही, त्या कधीही वाचता येतात. धसका असतो तो मालिकांचा. अगाथा ख्रिस्तीच्या पोयरो या गुप्तहेराच्याच 33 कादंबऱ्या. महिन्याला दोन म्हटल्या तरी जवळपास दीड वर्ष! म्हणून पुढची एकच किंडलवर ठेवावी, बाकीच्या लॅपटॉपवर पडू द्याव्यात. तीन पुस्तकांत गुप्तहेर आवडला नाही, तर मालिका बिनदिक्कत सोडावी. पैसे दिले म्हणून वाचत राहणं म्हणजे ताटात वाढलं म्हणून पोट बिघडवून घेणं.

रहस्यकथेत क्रमाला फार महत्त्व. 1937 च्या 'डम्ब विटनेस'मध्ये पोयरो बोलता बोलता आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावं सांगून मोकळा होतो. हाती लागेल ते आधी वाचणाऱ्याची चार पुस्तकं एका परिच्छेदात वाया! तेव्हा प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणेच जावं. होम्सच्या 56 कथांना एवढं सोवळं नाही, त्या खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक मेट्रोसाठी राखून ठेवाव्यात. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तर हजारावर, तिथं संपवायचा हट्ट धरणाराच वेडा.

किंडलवर क्रम बिघडतो तो पुस्तकांच्या शीर्षकांमुळे. नावं अक्षरांप्रमाणे लागतात, म्हणून 1 नंतर 10, 11 अन् मग कुठं 2. कॅलिबर या ई-पुस्तकं लावायच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये पुस्तकाच्या शीर्षकाआधीच 01, 02 असं लिहून फाईल पुन्हा पाठवली की गाडी रुळावर येते. मालिकेच्या रकान्यात 2.5 सुद्धा चालतं, दोन कादंबऱ्यांच्या मधल्या लघुकथेसाठी.

मराठी पुस्तकांचं दुखणं वेगळं. स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंची पडद्यावर मुंगीएवढी दिसते. आडवं धरलं तर अर्धं पान मावतं, तेवढ्यावर निभतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातली पीडीएफ ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात बदलायला गेलं की 'खून' या शब्दाचाच खून होऊन भलतीच अक्षरं उमटतात. आधी दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहाव्यात. तिथं कचरा दिसला, तर ते पुस्तक मुकाट्यानं टॅबलेटवर वाचावं.